शॉवरची मूठ आणि बाबांचा हवापालट

तीर्थस्वरूप बाबांस,

थोरल्या जावयाचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार बाथरूममध्ये पाय घसरून आधीच घालून झाला आहे, तो पोचला असं समजावं.)

तब्येत कशी आहे? धाकट्या लेकीकडची हवा मानवते ना? तुम्ही हवापालटासाठी गेलात असंच आम्ही सगळ्यांना सांगतो. शॉवरच्या मुठीला मी भंगार म्हटलं म्हणून तुम्ही पिशवी उचललीत, हे फक्त घरातल्यांना माहीत आहे. (आणि शेजारच्या शिंपीणबाईंना. त्यांना सासूबाईंनी सांगितलं, मी नाही.)

पण राग बाजूला ठेवून सांगा, पाणी वर शॉवरला पाठवायचं की खाली बादलीत, एवढंच काम असलेल्या मुठीने किती नखरे करावेत? पूर्ण डावीकडे, मग अर्धी मागे, दोन टपल्या आणि नळाला उचकी लागली की हात सोडायचा. कोणीही अंघोळीला गेलं की तुम्ही दाराबाहेर स्टूल टाकून बसणार आणि आतल्याला सूचना देणार. लग्नानंतर या घरातली माझी पहिली अंघोळ तुमच्या हुकमावर झाली. एवढं करून पाणी निम्मं डोक्यावर, निम्मं पायावर.

तुम्ही गेलात आणि मी पाना हातात घेतला. आधी लाल कॉक बंद करायचा, हे तुमचंच शिक्षण. पण उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून सासूबाईंनी मध्यंतरी तिन्ही कॉक लाल करून टाकले होते. मी त्यातला दिसायला बरा असलेला बंद केला. तो स्वयंपाकघराचा निघाला. मूठ उघडताच भिंतीतून असा फवारा आला की मी, छत आणि ‘काही हवंय का’ विचारायला दारात आलेली तुमची लेक, सगळे न्हाऊन निघालो. (त्या शॉवरने जन्मात एवढं पाणी दिलं नव्हतं.) नळ का गेला म्हणून सासूबाई साबणाच्या हातांनी आल्या, आमच्याकडे बघितलं आणि साबणासकट परत गेल्या. शेवटी प्लंबर बोलावला. त्याने साचलेला क्षार खरवडला, आतला झिजलेला पितळी खुंटा आणि वायसर बदललं आणि जुना ऐवज माझ्या हातात ठेवून गेला.

आता मूठ एका बोटाने फिरते. वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. म्हणजे मी जिंकलो. पण सासूबाई अंघोळीला आत गेल्या त्या बराच वेळ नुसत्या उभ्या. बाहेरून कोणी ‘आता सोड’ म्हणेना, म्हणून थांबले होते म्हणाल्या. तुमचं स्टूल मी उचलायला गेलो तर हात धरला.

‘राहू दे तिथेच. बसणारा येईल.’

बाबा, मला फार वाईट वाटलं. भंगार म्हणायला नको होतं. सकाळी घर अगदी मुकं असतं.

असो. मूठ दुरुस्त आहे, इकडची काळजी नसावी. सावकाश या, घाई नाही. तिकडच्या थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद आणि नळांना कृपया हात लावू नये.

तुमचा,
थोरला जावई

ता. क. : घाई आहे. घरात मतं पडली, मी एकटा पडलो आणि जुना खुंटा पुन्हा बसवला. (या वेळी तिन्ही कॉक बंद केले.) पाणी परत निम्मं वर, निम्मं खाली. टपल्या सगळ्यांनी मारून पाहिल्या, पण नळाला उचकी काही लागत नाही. आज कोणाचीच धड अंघोळ झालेली नाही.

ता. ता. क. : वरचा ताजा कलम तुम्ही वाचलेला नाही. मूठ आपोआप बिघडली असंच कळवायचं, असा सासूबाईंचा हुकूम आहे. तर बाबा, मूठ आपोआप बिघडली. या.