अध्यक्षीणबाईंचा बंदोबस्त

२९ जून, रविवार
मुलुंडला आमच्या गावाच्या मुंबई मंडळाची मीटिंग. अध्यक्ष जयवंत, पण नावापुरता. मंडळ चालवते त्याची बायको, सुलक्षणावहिनी. चहा द्यायला म्हणून आली आणि गणपतीला गावी जायच्या गाड्यांचं ठरवून गेली. मी उपाध्यक्ष. मला फक्त पोहे हवेत का एवढं विचारलं.
यंदा अध्यक्ष मीच. फायनल.

१ जुलै
मंडळातल्या लहूच्या आईचं घाटकोपरला ऑपरेशन. बेड मिळवून दिला वहिनींनी. रोज डबाही नेतात म्हणे. पब्लिसिटी, दुसरं काय? मीही जाणार होतो, पण गुडघा.

५ जुलै
झकास ठराव सुचला. ‘अध्यक्षांच्या पत्नीने मंडळाच्या कामात लक्ष घालू नये.’ बाई बाजूला झाली की जयवंतची वाट लागली. आमच्या कुंदाला वाचून दाखवला. भाजी निवडता निवडता म्हणाली, बघा हां. बायकोला राजकारण कळत नाही.

१३ जुलै, रविवार
ठराव एकमताने पास! अनुमोदन खुद्द वहिनींचं. घाबरली असणार. जयवंतने तिथेच राजीनामा दिला. म्हणाला, ती नसेल तर मला झेपणार नाही. अध्यक्षपदासाठी माझ्याशिवाय नावच आलं नाही. इतका दबदबा.

१५ जुलै
फोन, फोन, फोन. गाडी कुठून सुटणार? चेंबूरवाल्यांनी कुठे यायचं? आजोबांना उलटी होते, पुढची सीट द्या. कुंदाला म्हटलं, जरा फोन घे.
“ठराव तुमचोच मा?” ती म्हणाली. “माका आता लक्ष घालूक बंदी आसा.”
घरातच विरोधी पक्ष.

२ ऑगस्ट
गाडीवाल्याला सांगितलं, मी अध्यक्ष बोलतोय. त्याने विचारलं, वहिनी कुठायत? मी फोन आपटला. दुसऱ्या कुणाकडे गाडी शिल्लक नाही.
लोकांचे फोन मात्र बंद झाले. शिस्त लागली एकदाची.

१७ ऑगस्ट, रविवार
लहू भेटला. वहिनींनी दोन गाड्या ठरवल्यात, सगळ्यांची नावंही घेतलीत. हा ठरावाचा भंग आहे, मी ओरडलो. लहू शांतपणे म्हणाला, ठराव अध्यक्षांच्या बायकोला लागू. वहिनी आता कुठे अध्यक्षांच्या बायको आहेत?
कायदेशीर सल्ला घेणार.

२२ ऑगस्ट
रेल्वे वेटिंगच. गावच्या घरी गणपती, पूजेला मीच बसतो. नाही पोचलो तर मूर्ती पाटावर कोण ठेवणार? कुंदाने बॅग भरून दारात ठेवली आहे.
शेवटी वहिनींना फोन केला. आवाज खणखणीत ठेवायचा, असं ठरवलं होतं. जमलं नाही.
“तुमच्या दोन सीटा मी पहिल्याच दिवशी धरल्यात, भावोजी,” त्या म्हणाल्या. “आणि गाडीसमोर नारळ तुम्हीच फोडायचा. अध्यक्ष ना तुम्ही?”
एक टोमणा नाही. बरं म्हणून फोन ठेवला. मग रडू आलं, रागाने. इतकी दुष्ट बाई मी जन्मात पाहिली नाही.