चौथ्या पेटीचे हातमोजे

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. टेबल, खाट, भिंतीतलं कपाट आणि स्वतःच्या मर्जीनं चालणारा नळ. घरमालकीण म्हणाली, त्याला दोनदा थोपटा, मग येतं पाणी. थोपटलं. आलं.

तीन वर्षं अर्ज करत होते. ग्रहविज्ञानात पीएचडी झालेल्या माणसाला जग दोनच गोष्टी विचारतं: दुर्बीण कुठे ठेवली आहेस, आणि आमची पत्रिका बघशील का. शेजारच्या काकूंनी निघताना हातच पुढे केला होता. मी सांगितलं, काकू, मी दगड बघते. त्या हिरमुसल्या.

आता मला खरोखर दगड बघायचे आहेत. दोन वर्षांची संशोधनवृत्ती, आणि काम चांगलं झालं तर कायमची जागा. यानानं एका लघुग्रहावरून खरवडून आणलेली माती इथे ठेवली आहे. जगातल्या मोजक्या लोकांना तिला हात लावता येतो, म्हणजे हातमोज्यांतून. उद्यापासून त्यांत मी. आईला फोन केला. जेवलीस का, एवढंच तिनं विचारलं. छान वाटलं.

६ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत शिरायलाच वीस मिनिटं लागतात. आधी टोपी, मग तोंडावरचा मास्क, पांढरा सूट, पायांत पिशव्यांसारखे बूट. मग एका अरुंद खोलीत हवेचे झोत अंगावर घेत गोल फिरायचं. साधा कागद आत चालत नाही, त्याचे तंतू उडतात. निळसर, गुळगुळीत कागद मिळतो नोंदींसाठी.

आत स्टीलच्या चार मोठ्या पेट्या आहेत, वरून काच. आत नायट्रोजन, म्हणजे मातीला आपली हवा लागत नाही. प्रत्येक पेटीला समोरासमोर दोन बाजूंना रबरी हातमोज्यांची जोडी. आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त, म्हणून कुणी काम करत नसेल तेव्हा मोजे बाहेरच्या बाजूला फुगून ताठ उभे राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, भिंतीतून कुणीतरी हात पुढे करून थांबलं आहे. त्यात हात घालून नेटानं आत ढकलावं लागतं. हात काढला की मोजा फट्कन बाहेर येतो.

हे मोजे तपासणारे, बदलणारे एक म्हातारे तंत्रज्ञ आहेत. त्यांना सगळे मोजेवाले म्हणतात. डावा हात कायम खिशात. त्यांनी मला नियम सांगितला: चौथ्या पेटीवर एकट्यानं काम करायचं नाही, समोर दुसरं कुणीतरी हवंच. मी कारण विचारलं. ते म्हणाले, नियम आहे, ताई.

ताई म्हणाले ते जरा लागलं.

११ फेब्रुवारी

कामात जीव रमतो. बारीक चिमट्यानं एकेक कण उचलायचा, वजनकाट्यावर ठेवायचा, फोटो, नोंद, कुपी. काळे, चुरचुरीत कण. हे पृथ्वीच्याही आधीचे. तेव्हा समुद्र नव्हता, एक किडा नव्हता, मरायला कुणी नव्हतंच.

आज लिहूनच टाकते. ताई गेली त्याला पाच महिने होतील. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. बाबा गेल्यावर तिनं शिवणकाम करून मला शिकवलं, स्वतःचं लग्न पुढे ढकलत ढकलत शेवटी तो विषयच काढेना. तिची एक करंगळी वाकडी होती, मिटायची नाही. रस्ता ओलांडताना माझा हात धरला की ती करंगळी वेगळीच राहायची, मी ती दुसऱ्या हातानं पकडायचे.

या जागेची मुलाखत होती त्या दिवशी ती दवाखान्यात होती. चार दिवस तब्येत बरी दिसत होती. जा म्हणाली, मी कुठे पळून जाते आहे? मी गेले. कणांच्या वयाबद्दलच्या प्रश्नाला फार सुंदर उत्तर दिलं. बाहेर येऊन फोन पाहिला तर आईचे सतरा कॉल.

त्या उत्तरामुळेच मला ही जागा मिळाली, असं नंतर कळलं.

१९ फेब्रुवारी

चौथ्या पेटीवर माझ्या समोर बसणारा सहकारी आठवडाभर रजेवर आहे. नमुने पाठवायची तारीख जवळ आली. प्रयोगशाळेच्या मुख्य बाई म्हणाल्या, तुम्ही सांभाळून करा एकट्या, नियमाचं मी बघते.

साडेअकराला मी काट्यावरून नजर उचलली तर समोरच्या जोडीतला एक मोजा आत आलेला. माझ्या डाव्या हातासमोरचा. समोर खुर्ची रिकामी. मी उठून त्या बाजूला गेले. बाहेरून पाहिलं तर मोजा आत ओढला गेलेला, त्याचं तोंड उघडं, आत कुणी नाही. दाब बरोबर होता, दोनदा वाचला. मग बघता बघता तो फट्कन बाहेर आला.

मोजेवाल्यांना सांगितलं. त्यांनी मोजा तपासला, भोक नव्हतं. कोणता, एवढंच विचारलं. मग ते मुख्य बाईंशी काहीतरी मोठ्यानं बोलताना काचेतून दिसले.

२४ फेब्रुवारी

मला वेड लागलेलं नाही. क्रमानं लिहिते.

एक कण चिमट्यातून निसटून तबकाच्या पलीकडच्या कडेला गेला. माझा हात पोचेना. समोरचा मोजा आत आला, भरलेला, बोटांसकट. त्यानं तबक माझ्याकडे सरकवलं. हलकेच, सांडू नये म्हणून जपून. मग माघारी गेला.

मी ओरडले नाही. का नाही ते सांगता येत नाही. ओरडावं असं त्यात काही नव्हतं. घरात कुणी न बोलता पाण्याचा पेला पुढे करावा, तसं होतं ते.

दिवसभरात पस्तीस कण झाले. एरवी वीस होतात. मुख्य बाई खूश.

२ मार्च

सहकारी परत आला आहे. त्याला मी पहिल्या पेटीवर काम करायला सांगितलं. खोटं सांगितलं की चौथ्या पेटीवर माझं एकटीचं भागतं.

आज मी मोज्यातला डावा हात पुढे केला आणि उघडा ठेवला. तो आला. माझी बोटं धरली. दोन्हीकडे जाड रबर, तरी ऊब लागली. चार बोटं मिटली. करंगळी मिटली नाही. वेगळी राहिली.

मी दुसऱ्या हातानं ती पकडली.

मास्कच्या आत रडलं की फार पंचाईत होते. पुसता येत नाही. पेटीची काच धुक्यानं भरली. किती वेळ गेला कळलं नाही, जेवायच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा सुटला हात.

४ मार्च

मोजेवाल्यांना गाठलं. खोटं बोलवेना. त्यांनी खिशातून डावा हात काढून टेबलावर ठेवला. शेवटची दोन बोटं मेणासारखी पांढरी. त्यांनी त्यावर पेन्सिल टोचून दाखवली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

त्यांची बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. महिनाभर ते रोज चौथ्या पेटीवर तिचा हात धरून बसत. मग बोटं गेली.

“मला घरी लेक होती, म्हणून सुटलो,” ते म्हणाले. “तुम्हाला कोण आहे, ताई?”

आई आहे, मी म्हणाले. मला ताई म्हणू नका, असंही म्हणाले.

मी विचारलं, हे आहे तरी काय? ते म्हणाले की ती माती मरणाच्या आधीची आहे. माणूस गेलं की हात सोडायचा असतो, हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. मग जाताना त्यांनी माझ्या आधी या जागेवर असलेल्या मुलीचा पत्ता दिला. बघून या, म्हणाले.

७ मार्च

गेले. दुसरा मजला, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. दार तिच्या आईनं उघडलं. ती खुर्चीत बसली होती. माझ्याच वयाची. दोन्ही हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचे आणून ठेवल्यासारखे. कोपरांपर्यंत पांढरे. आई तिला वाटीतून भरवत होती.

तिचा नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. पेटीत तिला त्याचा हात सापडला. मोजेवाल्यांनी एक दिवस कमरेला धरून तिला मागे ओढलं, म्हणून ती आज इथे आहे.

मला वाटलं होतं, ती सावध करेल. तिनं फक्त विचारलं, अजून आत येतो का तो? तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, मत्सर होता.

“मी नव्हता सोडला,” ती म्हणाली. “त्यांनी मला ओढलं.”

तिच्या आईनं वाटी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

१० मार्च

मुख्य बाईंना सांगितलं, मला दुसरं काम द्या. सगळं सांगितलं नाही, हात दुखतो एवढंच. त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, माझं काम वरपर्यंत पोचलं आहे, कायम करायचा प्रस्ताव तयार आहे, आत्ता पेटी सोडली तर तो बारगळेल. आणि या जागेसाठी अजून साठ जण थांबलेत. विचार करा.

आईला फोन केला. परत येऊ का, विचारणार होते. ती ताईबद्दल बोलायला लागली, कधी नाही ते. शेवटच्या तासात ताईची शुद्ध जात-येत होती, म्हणाली. हात चाचपडत होती. आईनं आपला हात दिला. ताईनं तो चाचपून बाजूला केला. हा नाही, म्हणाली.

आईनं हे पाच महिने पोटात ठेवलं. मला लागेल म्हणून.

मी परत येऊ का ते विचारलं नाही.

१२ मार्च

दोन तास धरून बसले. आज कण एकही नाही. खोटे आकडे भरले.

सॉरी म्हणाले तिला. काचेपलीकडे रिकामी खुर्ची. हातानं दाबलं माझं बोट.

संध्याकाळी चहाचा पेला डाव्या हातात घेतला. गरम लागला नाही. तळव्याला फोड आला तो नंतर दिसला.

१४ मार्च

तीन बोटं पांढरी. आता मनगटाला धरते. आधी फक्त बोटं धरायची. सोडताना हिसका द्यावा लागला.

ताई कधी हिसका द्यायला लावायची नाही. रस्ता पार झाला की आपण होऊन सोडायची —

१५ मार्च

आंघोळ करताना एकदम सुचलं.

आईला फोन केला. ताईची वाकडी करंगळी कोणत्या हाताची? आई म्हणाली, हे काय विचारतेस. डाव्या. तू सहा महिन्यांची, तिच्या उजव्या कडेवर. डाव्या हातानं दार ओढलं आणि चेमटली. तुला खाली टाकलं नाही पण तिनं.

डावा.

समोरचा मोजा उजवा आहे. माझ्या डाव्यासमोर येतो, म्हणजे समोर बसणाऱ्याचा उजवा. अंगठाही उजव्या हाताचाच. चार वेळा काढून पाहिलं कागदावर.

ताई नाही ती. माझ्या हातातली तिची आठवण चाचपून काहीतरी तिचा हात शिकलं, आणि उलटं शिकलं.

मग ते कोण — मी कुणाला सॉरी म्हणत होते —

१६ मार्च

गेले नाही. खोलीतच. दार लावून.

हात कोपरापर्यंत गार. पण आतून ओढ. दात दुखावा तशी.

मोजेवाले येऊन गेले. दार उघडलं नाही. जिन्यावर बसून होते. पेटी बंद करायला अर्ज देतो म्हणाले, आठ दिवस घरी जा म्हणाले. आईकडे जा, पोरी, म्हणाले. त्यांना आता ताई म्हणवत नाही.

जाईन. उद्या सकाळची गाडी. आईला कळवलं. तिनं काय करून ठेवू विचारलं.

१७ मार्च

निळ्या कागदावर लिहिते आहे. आत आहे. डावा मोज्यात. उजव्यानं लिहिते.

गाडीकडेच निघाले होते. पिशवी बाहेर कपाटात आहे.

हा हात तिचा नाही हे मला माहीत आहे. माहीत असून आले. आई, हे नीट वाचशील — तुझ्यावर राग नाही. त्या दिवशी तिला कुणी नव्हतं धरायला. तिनं धरलं नाही तुला. माझी जागा रिकामी राहिली. इथे कुणीतरी कधीचं हात पुढे करून बसलं आहे, ते कुणी का असेना — मी दुसऱ्यांदा नाही —

दार वाजतं आहे. मोजेवाले. आतून कडी आहे.

दंडापर्यंत आलं. दुखत नाही.

समोरचा दुसराही मोजा आत आला. तो डावा. करंगळी

उजवा मागते आहे. पेन ठेवावं लागेल. आई, गाडीवर येऊ नकोस, मी