छताचा आवाज

मंगळवार, संध्याकाळ
तलासरी

बाळूला आज सकाळी त्याच्या गावी, कैनाडला, अग्नी दिला. रडू आलं नाही. परत येऊन दुकान उघडलं, दोन ट्रकचे टायर काढले. हात चालतात, तेवढं बरं.

चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत आम्ही आठ वर्षं जोडीनं होतो. खाली उतरलं की मी सळईनं छत ठोकायचो. खणखणीत वाजलं तर पक्कं. पोकळ वाजलं तर मागे सरायचं आणि आधी टेकू लावायचे. बाळूला दोन्ही आवाज सारखेच. "दादा, तू माणूस आहेस की ससा? तुझे कान असताना मी कशाला शिकू?" मीही हसायचो. बरं वाटायचं ना, आपल्यावाचून अडतं म्हणून! मग त्याला न शिकवताच हे टायरचं दुकान टाकायला निघून आलो. तो तिथंच राहिला.

शनिवारी छत त्याच्यावर आलं. साहेब म्हणतात, त्यानंच ठोकून 'ठीक आहे' म्हणून सांगितलं होतं.

पोकळच वाजलं असणार. मला ऐकू आलं असतं.

निघताना त्याच्या बायकोनं, सुमननं, ओटीवर सगळ्यांदेखत विचारलं, "दादा, तुम्ही असता तर कळलं असतं का?"

"नाही गं. कधी कधी छत आवाजच देत नाही. कुणालाच कळलं नसतं."

"म्हणजे ह्यांची चूक नव्हती?"

"नव्हती."

दिवसभरात एवढंच खरं बोललो.