शेवटचा तुकडा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तुमचा राग येतो. आज सकाळी मेथी निवडता निवडता आला, आणि जुडी तशीच टाकून लिहायला बसले.

सिंदीच्या आपल्या घरात फोनची लाईन एकच, रिसीव्हर मात्र दोन. एक खाली तुमच्या कापसाच्या दुकानात, एक वर माझ्या संगणकाजवळ. मी संगणकावर मराठी लिहिण्याचा प्रोग्राम तयार केला होता. पुण्याच्या एका छापखान्याला तो हवा होता, आणि चालला तर तिथं मला नोकरी होती. पण तो त्यांनी ठरवलेल्या दिवशी, संध्याकाळच्या आत पोचायला हवा होता. टपालाला वेळच नव्हता. नागपूरचा एक हौशी माणूस घरच्या संगणकावर बुलेटिन बोर्ड चालवायचा, त्यावर फोनच्या तारेतून पाठवायचं आणि पुण्याच्या लोकांनी तिथून उचलायचं. त्या बोर्डावर एका निरोपात मोजकाच मजकूर मावायचा. जास्त झाला की शेपूट छाटलं जायचं, तेही न सांगता. म्हणून मी प्रोग्रामचे तुकडे केले. तुम्ही हसलात. "कापूस असा पसापसा कोन पाठवते वं? एकच गाठ बांध ना!"

मी हात जोडून सांगितलं होतं, बाबा, आज फोनला हात लावू नका. तुम्ही मान डोलावलीत.

वर माझा शेवटचा तुकडा चाललाय, आणि खाली तुम्ही रिसीव्हर उचलता. पडद्यावर नुसता कचरा उमटतो, लाईन तुटते. पुन्हा लावते तर एंगेज. बोर्डावर एका वेळी एकच जण जाऊ शकायचा, आणि तेवढ्यात दुसरा कुणी घुसला होता. मग संध्याकाळपर्यंत एंगेजच. मी जिन्यातून ओरडले, "काऊन उचलला जी, बाबा?" आपल्याकडे लाईन सारखी मरायची, त्यामुळे येता-जाता रिसीव्हर कानाला लावून बघायची अख्ख्या गावाला खोड. तुम्ही गोंधळून म्हणालात, "मी त पाहून राह्यलो होतो, लाईन जिती हाय का मेली. तुह्याच कामासाठी उचलला, बाई! उद्या पाठवजो, त्यात काय एवढं?"

उद्या! शेवटच्या तुकड्याशिवाय प्रोग्राम सुरूच होईना, आणि पुण्याच्या लोकांनी दुसरा माणूस घेतला. मी इथंच राहिले, वरच्या खोलीत टायपिंगचे क्लास घेत. तुम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचात, "पोरगी जवळच राह्यली." माझं डोकं भणभणायचं. मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं, कडाकडा भांडले तरी असते. काळजीपोटी केलंत, तिथंच माझं तोंड बंद झालं. काळजी करायची तर हात खिशात ठेवून करायची होती हो!

आता घरात ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आहे. दुकानातला तुमच्या नावाचा फोन महिनोन्‌महिने वाजत नाही. दादा म्हणतो, काढून टाकू. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगते: मीच काढू देत नाही. येता-जाता रिसीव्हर उचलते, कानाला लावते. लाईन जिवंत असते. मग तुमच्यावर चिडतच खाली ठेवते.