पाताळगंगेतला शेवटचा मचवा

अब्बा, पाताळगंगेच्या काठी आपलं बंदर होतं असं सांगितलं की इथे नेरळमध्ये शेजारणी हसतात. नदीला कुठलं बंदर, म्हणतात. त्यांची चूक नाही. खाडीचं पाणी भरतीला इतकं आत चढायचं, त्या पाण्यावर तांडेल म्हणून तुम्ही मीठ आणि कौलं भरलेला मचवा खालापूरकडे वर आणायचात आणि कडावकडून बैलगाड्यांनी आलेला तांदूळ घेऊन उतरत्या पाण्याबरोबर परत जायचात, हे आता कुणाला खरं वाटणार? अम्मा भाकरी घेऊन धक्क्याच्या पायऱ्यांवर उभी आहे, गोणी उतरताना तुमचा आवाज सगळ्यांच्या वर. एवढं मला अजून दिसतं.

मग वरच्या अंगाला रस्ता झाला, ट्रक आले. नदीतला गाळ काढायला कुणी येईना. आधी वखारवाले गेले, मग सोनार, शेवटी मशिदीतले मौलवीसाहेबही. जाणारा घराची कौलं उतरवून नेत असे. मी नऊ वर्षांची झाले तेव्हा बंदरात चारच चुली पेटत होत्या.

त्या दिवशी अम्माला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. दुपारी सुईणीनं हात टेकले. वाडीतले काका, ज्यांचा तांदूळ तुम्ही वर्षानुवर्षं नेलात, बैलगाडी जुंपून दारात आले. रस्त्यापर्यंत नेतो, तिथून दवाखान्यात जायला ट्रक मिळेल, म्हणाले. तुम्ही अम्माला उचलायला वाकलात. तेव्हा ती म्हणाली, "गाडीत नको. दगडांवरनं जीव जाईल माजा. मचव्यानं न्या."

ओहोटी लागलीय, मधे गाळ आहे, पाणी पुरणार नाही, असं तुम्ही तिला परोपरीनं समजावलंत. तिनं तुमचा हात सोडला नाही. काका बाहेर बैलांपाशी होते, सुईण मागच्या चुलीवर पाणी तापवत होती. हे ऐकायला घरात मी एकटीच होते.

दोन वळणं गेल्यावर मचवा रुतला. तुम्ही कमरेएवढ्या चिखलात उतरून खांद्यानं रेटत राहिलात. मी अम्माचं डोकं मांडीवर घेऊन बसले. भरती यायच्या आधीच ती गेली, पोटातल्या बाळासकट. नंतर पाणी चढलं आणि मचवा आपोआप सुटला.

दफन झाल्यावर मामानं सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, दारात गाडी उभी असताना मचवा का काढला? मेलेल्या बायकोवर तुम्ही शब्द येऊ दिला नाहीत. मग त्यानं मला विचारलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी मान खाली घातली. "हट्टापायी मारलीस माज्या बहिणीला," मामा म्हणाला, आणि पुढे तेच सगळ्यांच्या तोंडी राहिलं.

आपण नेरळला आलो. तुम्ही भाताच्या गिरणीत गोणी वाहू लागलात. लग्नाआधी एकदा, भांडणाच्या भरात, सगळं माहीत असून मीही तुम्हाला तेच सुनावलं. तुम्ही जेवणाचं ताट बाजूला सारलंत आणि हळूच म्हणालात, "तू लहान व्हतीस गं."

तुम्ही गेलात त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. गेल्या महिन्यात कॉलेजातली एक मुलगी आली होती. आपल्या बंदराचा इतिहास लिहितेय. वाडीतल्या लोकांना विचारून विचारून तिनं वही भरली आहे. त्यातलं तिनं मला वाचून दाखवलं: शेवटचा मचवा तांडेलाच्या हट्टामुळे गाळात रुतला, त्यात त्याची बायको गेली, त्यानंतर बंदरात कुणी राहिलं नाही. बरोबर आहे ना, आजी, तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

नाही म्हटलं असतं तर ती विचारणार होती, मग तेव्हा का नाही बोललात? नऊ वर्षांची पोर घाबरली, असं सांगता आलं असतं. त्यानंतरच्या एवढ्या वर्षांचं काय सांगायचं?

तिचा नंबर माझ्याकडे आहे. हे लिहून झालं की तिला फोन करायचा, असं ठरवून सकाळी बसले होते. आता लिहून झालंय, अब्बा, आणि मी फोन करणार नाही.