जळकोटचं पहिलं प्रोफेशनल मंगल कार्यालय

१४ जानेवारी, सकाळी
संक्रांत. हायवेच्या कडेच्या आमच्या रानात मंगल कार्यालय बांधायचं अण्णांनी ठरवलं. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू उत्तरेश्वर. काम गावातल्याच कुणातरी ठेकेदाराला देणार होते. मी म्हणालो, घरात प्रोजेक्ट मॅनेजर असताना बाहेरचा माणूस कशाला? अण्णांनी विचारलं, कोण?
ह्याला म्हणतात घर की मुर्गी.
पुण्यात बारा वर्षं साइटवर काढली. स्टोअरला होतो म्हणून काय झालं, सिमेंटची प्रत्येक गोणी माझ्या हाताखालून जायची. वर ऑनलाइन कोर्स केलाय. सर्टिफिकेटला सोनेरी बॉर्डर आहे. आख्ख्या जळकोटात तसली बॉर्डर फक्त माझ्याकडं आणि वहिनींच्या शालूला.
पुतणी अर्पिताचं लग्न नोव्हेंबरात आहे. नव्या कार्यालयातलं पहिलं लग्न तिचंच, असं मीच तिळगूळ खाता खाता जाहीर केलं. डेडलाइन असल्याशिवाय खेड्यातली माणसं हलत नाहीत. अर्पिता सोलापूरला बँकेत आहे. ती म्हणाली, काका, नक्की होईल ना? शिकलेल्या पोरींना विश्वास म्हणून नसतोच.
संकल्प: रोज पाचला उठणे. साइटवर सातच्या आत.

१५ जानेवारी
नऊला उठलो. अजून साइट सुरू कुठं झालीय.

२ फेब्रुवारी
एस्टिमेट पूर्ण. इथले ठेकेदार बिडीच्या पुड्याच्या पाठीवर एस्टिमेट करतात. माझं एक्सेलमध्ये आहे, रंगीत.
मोनिकाला दाखवलं. मोनिका माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून तिला वाटतं सगळ्या जगाच्या वह्या तिनंच तपासायच्या. तिनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, ह्यात संडास कुठायत?
एवढा मोठा हॉल, स्टेज, कमान, फुलांची कुंडी, आणि बाईला दिसला काय तर न दिसलेला संडास. मी सांगितलं, तो फेज टूमध्ये येतो. ती म्हणाली, फेज टू लग्नाच्या आधी का नंतर?
शेवटी खाली ‘इतर’ अशी एक ओळ टाकली. ‘इतर’मध्ये सगळं बसतं.

११ मार्च
महारुद्र मिस्त्रीशी करार झाला. करार नेटवरनं घेतला, आंतरराष्ट्रीय दर्जाचा आहे. मिस्त्रीनं न वाचताच सही ठोकली आणि विचारलं, पाणी बोअरचं का टँकरचं? करार म्हणजे काय हे ज्याला कळत नाही, तो निघालाय बांधायला.
सही झाल्यावर मी सहज चाळला. बर्फवृष्टीमुळं काम थांबल्यास मुदतवाढ मिळेल, असं एक कलम आहे. जळकोटात बर्फ पडत नाही हे मलाही कळतं. पण रिस्क ही सांगून येत नसते. पाण्याबद्दल त्यात काही नाही.

२४ मार्च
आज मोठा निर्णय घेतला. जोतं उचलायचं नाही. पायऱ्या हा जुनाट विचार आहे. शालू नेसलेल्या बायका, म्हातारी माणसं, आचाऱ्याचे हातगाडे, सगळे अंगणातनं सरळ आत. ह्याला लेव्हल एंट्री म्हणतात. शिवाय भरावाचा मुरूम वाचला.
महारुद्रनं ‘व्हय’ म्हणून मान डोलावली. तो सगळ्यालाच व्हय म्हणतो. उद्या छतापासून खाली बांध म्हणालो तरी व्हयच म्हणेल.
अण्णांनी विचारलं, पावसाचं पाणी कुठं जाणार? म्हणालो, ड्रेनेजचं डिझाइन आहे. म्हणजे करायचं आहे.

९ मे
महारुद्रची माणसं चौथ्यांदा गायब. त्याची नळदुर्गला दोन कामं चालू आहेत, असं चहावाल्याकडनं कळलं. करारानुसार नोटीस बजावली, व्हॉट्सॲपवर, कलमासकट. त्याचं उत्तर आलं: गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’. दुपारचे तीन वाजले होते.
शेड्यूलचा चार्ट मोठा छापून घेतला आणि हॉलच्या एकुलत्या एका उभ्या भिंतीवर लावला. चार्टप्रमाणं आज आपण रंगकामात आहोत.

३ जुलै
वहिनींनी जेवताना विषय काढला. म्हणे तुळजापूरचं एखादं कार्यालय धरून ठेवावं, न जाणो. तुळजापूरची कार्यालयं! पाय ठेवावा तिकडं नारळाची साल आणि मागच्या लग्नाचा भात. मी साफ सांगितलं, बॅकअप ठेवणं म्हणजे टीमचं मनोधैर्य खच्ची करणं. वहिनी म्हणाल्या, टीम कोण? अशानंच गावं मागं राहतात.

१८ ऑगस्ट
छताचे पत्रे चढले. आता लोकांना दिसतंय काहीतरी.
फरशी मीच निवडली, मिरर फिनिश. तोंड दिसतं तिच्यात. महारुद्रला विचारलं, कशी काय? व्हय म्हणाला.
फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधनं बाहेर पडलो. वहिनींनी साइटचा फोटो टाकून खाली नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. त्यावर माझ्या सख्ख्या बायकोनं हसणारं तोंड टाकलं. प्रोजेक्टचा संवाद असा होत नसतो. ह्यापुढं सगळे अपडेट ईमेलनं, असं कळवून टाकलं. घरात ईमेल फक्त अर्पिताकडं आहे. बाकीच्यांनी काढून घ्यावेत.

१० सप्टेंबर
संडास बांधायला घेतला. एक. आठशे माणसांना एक पुरेल का, असं मोनिका विचारते. आठशे माणसं काय एकदम जाणार आहेत?

१५ ऑक्टोबर, संध्याकाळी
नवऱ्याकडची मंडळी उमरग्याहून कार्यालय बघायला आली होती. नेमका काल दुपारी परतीचा पाऊस कोसळला. हायवेच्या मोरीतलं पाणी रानातनं सरळ अंगणात आणि अंगणातनं सरळ आत. लेव्हल एंट्री. सकाळी मी स्वतः खराट्यानं बाहेर ढकललं, तरी ओल राहिली. पण चमक काय होती! नुकत्याच टांगलेल्या झुंबराचं प्रतिबिंब आरपार खाली दिसत होतं.
नवऱ्याची आत्या शांतम्मा वर झुंबराकडं बघत आत आल्या आणि दुसऱ्याच पावलाला आडव्या झाल्या. मनगट मोडलं. माझ्या मते चूक चपलेची आहे. रबरी चपला घालून मिरर फिनिशवर कोण येतं? पडल्या पडल्या त्या मला उद्देशून पुष्कळ बोलल्या, पण सगळं कन्नडमध्ये. त्यामुळं ती रीतसर तक्रार धरता येणार नाही.
अण्णांनी त्यांना जीपमध्ये बसवून दवाखान्यात नेलं. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. गडबडीत असतील.

२३ ऑक्टोबर
एक गोष्ट लक्षात आली. घरात मला आता कुणी काही विचारत नाही. वहिनी प्रश्न विचारत नाहीत. मोनिका संडासाचं नाव काढत नाही. अण्णा साइटवर फिरकतच नाहीत. मॅनेजमेंटमध्ये ही फार वरची पायरी मानतात. माणसांचा पूर्ण विश्वास बसला की ती गप्प होतात.
फक्त अण्णा दोनदा माझ्या खोलीत आले, खाटेवर बसले, काहीतरी बोलणार असं वाटलं. दोन्ही वेळा मी त्यांना सुधारित चार्ट समजावून दिला. ते ऐकून उठून गेले. समाधान झालं असावं.

६ नोव्हेंबर
महारुद्र म्हणाला, अण्णांनी त्याला गोठ्याच्या कामावर घेतलंय. ठीक आहे. माणसं इकडची तिकडं फिरवणं ह्यालाही शास्त्रात नाव आहे. माझ्याकडं एक रंगारी उरला. तो रंग देतो. मी ओल पुसतो.
घरचे सारखे तुळजापूरला जातायत. परवा गेले, आज परत गेले. लग्नघर म्हटलं की देवीला साकडं घालणं आलंच. ह्यांचा भरवसा देवीवर, शेड्यूलवर नाही. पत्रिका छापून आल्या आणि वाटूनही झाल्या म्हणे. मी बघितली नाही. पत्रिका वाटणं हे नॉन-टेक्निकल काम आहे.
मोनिका म्हणाली, एवढं राबू नका, तब्येतीला जपा. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं पहिल्यांदा म्हणाली.

१९ नोव्हेंबर, दुपारी
अर्पिता साइटवर आली. एकटीच, स्कूटीवर. मी तिला स्टेजवर नेलं, नवरा-नवरीच्या खुर्च्या कुठं येतील ते दाखवलं. डाव्या बाजूच्या कोपऱ्यात ओल होती, तिथं फुलांची कुंडी ठेवू म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग स्टेजच्या कडेवर बसली आणि म्हणाली,
‘काका, लग्न तुळजापूरला हाय.’
मी म्हणालो, नाही, इथं आहे. चार्ट दाखवायला निघालो. तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.
आत्याबाई पडल्या त्याच आठवड्यात ठरलं, म्हणाली. नवऱ्याकडच्यांनी सांगितलं होतं, त्या फरशीवर आमचं माणूस परत पाय ठेवणार नाही. पण त्यांनी सांगितलं नसतं तरी तिनं हेच केलं असतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं कुणी? म्हणाली, अण्णा दोनदा सांगायला आले होते, तुम्ही त्यांना बोलूच दिलं नाही. काकूंना रडू येत होतं, म्हणून शेवटी तीच आली.
मी सांगितलं, असं असेल तर मला रीतसर बदलाची सूचना मिळायला पाहिजे होती. स्टेकहोल्डरनी परस्पर निर्णय घेणं चुकीचं आहे. ती जराशी हसली. मग म्हणाली,
‘तुमच्यावर राग न्हाय माझा. पण तुम्हाला शिकायचं होतं, त्याला माझंच लग्न का लागावं?’
ह्यावर कोर्समध्ये काही नव्हतं.
जाताना तिनं पिशवीतनं कुर्त्याचं कापड काढून दिलं. तुमच्यासाठी मीच निवडलंय, वेळेवर शिवून घ्या, असं म्हणाली. तुम्ही आला नाहीत तर मी अक्षतांना थांबून राहीन, असंही म्हणाली. पोरगी हट्टी आहे.
ती गेल्यावर रंगाऱ्याला म्हणालो, राहू दे आता, लग्न इथं नाही. तो म्हणाला, ठाऊक हाय. त्याच्याकडं पत्रिका होती.

२८ नोव्हेंबर
लग्न झालं. तुळजापूरचं ते कार्यालय मी बारकाईनं बघितलं. दारात पायऱ्या आहेत. फरशी खरखरीत, काही सौंदर्यदृष्टी नाही. संडास पुष्कळ आणि स्वच्छ. उगीच खर्च. नारळाची साल कुठं दिसली नाही, आमच्यासाठी मुद्दाम झाडून घेतलं असणार.
शांतम्मा समोरून आल्या. मला बघितलं आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या, मी पुढं जाईपर्यंत.
पंगतीत नवऱ्याच्या वडलांनी मी काय करतो ते विचारलं. मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात अण्णा म्हणाले, धाकटा भाऊ, शेती बघतो. मी दुरुस्ती करणार होतो. पण अण्णा असं म्हणताना माझ्या पानात भात वाढत होते, आणि वाढतच राहिले. भात जास्तच पडला. खाल्ला.
अक्षतांच्या वेळी मी खांबाआड होतो. अर्पितानं भटजींना खुणेनं थांबवलं आणि मान वर करून शोधत राहिली, मी पुढं येईपर्यंत. एवढ्या लोकांसमोर. कुर्ता मात्र अंगाला बरोबर बसलाय.

१५ डिसेंबर, संध्याकाळी
क्लोज-आउटचं काम हातात घेतलं. प्रोजेक्ट संपला की वास्तू वापरणाऱ्याच्या ताब्यात द्यायची असते.
सोयाबीनच्या व्यापाऱ्याला गोदाम म्हणून दाखवलं. त्यानं जमिनीला हात लावला, हात हुंगला आणि गेला. खेडवळ माणूस.
आज नागूबाई धनगरीण मेंढरं घेऊन आमच्या रानात उतरली. दरवर्षी ह्या दिवसांत येते, खत पडावं म्हणून अण्णा तिचा कळप रानात बसवून घेतात. थंडी फार आहे. अण्णा तिला म्हणाले, मेंढरं हॉलमध्ये बसव. मला बोलायचं होतं, झुंबर आहे वरती. पण विचार केला, वापर तर सुरू होईल. मी स्वतः दार उघडून दिलं.
नागूबाई उंबऱ्याशीच थांबली. तिनं काठीनं फरशी दोनदा ठोकली. पुढच्या मेंढीला आत ढकललं, तर तिचे चारी पाय चार दिशांना गेले आणि ती पोटावर बसली. नागूबाईनं तिला उचलून बाहेर घेतलं आणि म्हणाली,
‘न्हाय अण्णा. आमी उघड्यावरच बरं.’
कळप हॉलला वळसा घालून माळावर गेला. मी आणि अण्णा दारात उभे होतो. वाटलं, आता बोलतील. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बोलतील. मी उत्तरं जुळवायला लागलो: फरशीचा पुरवठादार, मिस्त्रीचा बेजबाबदारपणा, अवकाळी हवामान.
अण्णांनी हॉलचं दार ओढून घेतलं. म्हणाले, उद्या हरभऱ्याला पाणी द्यायचंय, येतो का?
येतो म्हणालो. खोरं कुठं असतं तेवढं विचारून घेतलं.