‘ब्राइट स्पेल्स’ आणि माझं पान

३ फेब्रुवारी, सकाळ
स्कॉटलंडच्या छोट्या बँडांवर जीव टाकणाऱ्या श्रोत्यांनो, लंडनची मासिकं आपल्या अल्बमला तीन ओळी देतात आणि त्यातल्या दोन पावसावर खर्च करतात. हे आपण किती काळ सोसायचं?
(सुरुवात जबरदस्त. पुढचं सुचलं की लिहीन.)
सेन्गाचा फोन. आमच्या ग्लासगोच्या मासिकाची संपादक तीच, आणि दुकानादुकानांत गठ्ठे टाकणारीही तीच. म्हणाली, लॅकी, गेल्या अंकात तुला अल्बमवर लिहायला सांगितलं होतं, तू संगीताच्या भवितव्यावर लिहिलंस. पान एकच उरलंय आणि त्यावर एक प्राध्यापिका टपून बसलीये. या वेळी एक अल्बम, एक परीक्षण. नाहीतर पान तिचं.
मला धमकावतात, म्हणजे मला घाबरतात.
संकल्प : रोज तीन अल्बम.

४ फेब्रुवारी
एकही नाही. खोलीत फेऱ्या मारल्या. खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

६ फेब्रुवारी
पाकीट आलं. बँड ‘फेरी कॅन्सल्ड’, अल्बम ‘ब्राइट स्पेल्स’. मोठी रेकॉर्ड, कोरं पांढरं कव्हर. सोबत बँडचं माहितीपत्रक. न वाचता केरात टाकलं. समीक्षकानं फक्त रेकॉर्ड ऐकावी, हे माझं तत्त्व. फोनवर गाणी ऐकणं तर तत्त्वात बसतच नाही.
रेकॉर्ड लावली आणि चक्क खाली बसलो.
इतका संथ, इतका जड शोक क्लाइड नदीकाठी कुणी गायला नव्हता. ड्रम चिखलातून पाय ओढत चाललाय. आणि तो खर्जातला, थकलेला आवाज. साठीचा पुरुष. उमर जहाजाच्या कारखान्यात गेलेली, कारखाना बंद झालेला. हे मला रेकॉर्डनं सांगितलं, पत्रकानं नाही. वर अल्बमला नाव काय, तर हवामानवाल्यांचं ‘अधूनमधून ऊन’. कडवटपणाची कमाल.
वरच्या मजल्यावर राहणारी माझी बहीण इशबेल खाली आली. म्हणाली, कोण गेलं? मी म्हटलं, एक अख्खा वर्ग गेला. ती म्हणाली, ते मशीन दुरुस्तीला दे रे, गाय अडलीये असं वाटतंय. इशबेलला कलेतलं काही कळत नाही.

१० फेब्रुवारी
लेख पाठवला. ‘हा माणूस गात नाही, साक्ष देतो.’ स्वतःच वाचून गहिवरलो. सेन्गानं विचारलं, नीट ऐकलास ना? म्हटलं, एवढं नीट त्यांनी स्वतःही ऐकलं नसेल.

२४ फेब्रुवारी
अंक आला. गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आलो. कुणी थांबवलं नाही. लोक भारावले की बोलत नाहीत.

२६ फेब्रुवारी
बँडकडून निरोप. लिहिणारी कुणी मार्सली. त्या गायकाची मुलगी असणार, व्यवहार बघत असेल. म्हणते, सर, तुमचं परीक्षण आम्ही मोठ्यानं वाचलं. आजीनं परत वाचायला लावलं. शनिवारी अल्बमचा कार्यक्रम आहे. आम्ही वाजवण्याआधी स्टेजवरून तुम्हीच वाचाल का?
सेन्गाला लगेच कळवलं, आता पानाचा प्रश्न मिटला. ती म्हणाली, शनिवार होऊ दे.
संकल्प : भाषण आटोपशीर.

२ मार्च, रविवार
काल खचाखच गर्दी. लेखाला थोडी प्रस्तावना जोडली, लंडनपासून भांडवलशाहीपर्यंत. ‘साठीचा पुरुष’ म्हटलं आणि सभागृहात हशा. मी ओळखलं, सत्य झोंबलं की माणूस हसतो. आवाज चढवला. ‘कारखान्याचा भोंगा त्याच्या कंठात अडकलाय’ म्हटलं, तर पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळे पुसायला लागली. तिच्याकडे बघून ते वाक्य पुन्हा म्हटलं.
मग बँड आला. तीन मुली. माइकपाशी आलेली मार्सली माझ्या खांद्याला लागेल एवढी. म्हणाली, मंडळी, तो साठीचा कामगार मीच. पुढच्या रांगेतली माझी आजी, तिला परीक्षण ऐकल्यापासून हसू आवरत नाहीये. मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमानं : काका, मोठी असली तरी आमची रेकॉर्ड पंचेचाळीसच्या वेगावर लावायची आहे. तुम्ही नेहमीच्या तेहतीसवर, संथ लावलीत, म्हणून माझा आवाज म्हाताऱ्याचा झाला. पत्रकात पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत छापलंय.
आणि त्या सुटल्या. ड्रम शिलाई मशीनसारखा. सगळे नाचत होते. मी स्टेजवरून उतरायला जिना शोधत होतो.
सेन्गा दाराशी होती. म्हणाली, पान प्राध्यापिकेला देतेय रे. मी म्हटलं, चूक तांत्रिक आहे, विश्लेषण शाबूत आहे. ती म्हणाली, दुरुस्तीला एक ओळ देते.

४ मार्च
पंचेचाळीसवर लावली. चांगली आहे. खरंच चांगली आहे. मुली आईकडच्या जेवणाबद्दल आणि चुकलेल्या बोटीबद्दल गातात. इशबेल येऊन उभ्या उभ्या नाचून गेली.
पण तो म्हातारा कुठेच नाही. त्याचा कारखाना नाही, खोकला नाही. त्याच्याबद्दल मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लिहिलं होतं.

५ मार्च
दुरुस्ती : अकरा पानं. सेन्गानं परत पाठवली.
एक ओळ, लॅकी.
बरं. वाचकहो, ‘ब्राइट स्पेल्स’ पंचेचाळीसवर लावा.